नव्या गाडीचा क्लच : रुळविण्याच्या एका रीतीचा इतिहास



बिडाचा नवा तवा आणल्या दिवशींच कोणी भाकरी भाजावयास घेत नाहीं. त्यास तेल लावून, मंद आंचेवर तापवून, कांहीं दिवसांनीं तो कामास योग्य होतो. नवा खोंड एकदम भरल्या गाडीस कोणी जुंपीत नाहीं. प्रथम रिकाम्या गाडीस, तोही जाणत्या बैलाच्या जोडीनें, जुंपतात. नवी कोल्हापुरी वहाण चार दिवस घरांतल्या घरांत वापरून मगच लांबच्या वाटेस काढतात. वस्तु नवी आहे म्हणजे ती कामास पूर्णपणें सिद्ध आहे असें नव्हे, हें शहाणपण आपल्या वाडवडिलांपाशीं होतें. परंतु लाखों रुपये मोजून घेतलेली मोटार दारांत उभी राहिली कीं, तेंच शहाणपण आपण सोयीस्करपणें विसरतों.

आपल्या नाशिक जिल्ह्यांत पाडव्यास किंवा दसऱ्यास नवी गाडी घेणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची रीत अशी कीं, हार-नारळ झाल्यावर गाडी प्रथम देवदर्शनास न्यावयाची. कोणी त्र्यंबकेश्वरास जातात, कोणी सप्तशृंगगडाची वाट धरतात. श्रद्धेच्या दृष्टीनें ही रीत उत्तमच आहे. मात्र गडाच्या वाटेवर नांदुरी गांव सोडलें कीं सुमारें १० किलोमीटरांचा घाट लागतो. सणाचा दिवस, गाडींत पांच माणसें, वळणावळणावर वाहनांची रांग, दर दहा पावलांवर थांबणें आणि चढावर पुन्हां निघणें, असा तो प्रवास असतो. गाडी अवघी दोन दिवसांची. माथ्यावर पोंचतां पोंचतां कांहीं करपल्याचा वास येऊं लागतो, आणि मंडळी म्हणतात, "नव्या गाडीचा वास आहे, जाईल." तो नव्या गाडीचा वास नव्हे, क्लचच्या प्लेटीचें अस्तर भाजल्याचा तो वास होय. हा क्लच म्हणजे काय, तो रुळविण्याची रीत कोठून आली, आणि यंत्रें इतकीं सुधारल्यावरही ती कां टिकली, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम क्लचची गरजच कां पडली तें पाहूं. कसाऱ्याहून इगतपुरीस चढणारा थळ घाटाचा लोहमार्ग १८६५ सालीं खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. त्या चढावर उभी राहिलेली आगगाडी वाफेचें इंजिन जागच्या जागेवरून ओढून काढीत असे, आणि तरीही त्यास क्लच नव्हता. कारण कोंडलेली वाफ चाक स्थिर असतांनाही दट्ट्यावर दाब देतच असते. पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या इंजिनाचा स्वभाव याच्या अगदीं उलट आहे. तें फिरत आहे तोंवरच जिवंत. थांबलें कीं त्याचा जोर शून्य. मग फिरतें इंजिन आणि स्थिर उभीं असलेलीं चाकें यांची गांठ घालावयाची कशी? एकदम जोडावीं तर इंजिन तरी बंद पडतें, नाहीं तर गाडी हिसका खाऊन उडी घेते. या दोहोंची ओळख हळूहळू करून देणारा मध्यस्थ म्हणजे क्लच.

कार्ल बेंझ यांनीं १८८६ च्या जानेवारींत जर्मनींत आपल्या तीन चाकी मोटारीचें पेटंट घेतलें. तींत ही मध्यस्थी चामड्याच्या पट्ट्याकडे होती. पट्टा मोकळ्या चाकावर असेतों इंजिन नुसतें फिरत राही. तोच पट्टा शेजारच्या घट्ट चाकावर सरकविला कीं गाडी चालूं लागे. ज्यांनीं जुन्या पिठाच्या गिरणींत पट्टा सरकवून जातें चालू करतांना पाहिलें आहे, त्यांस ही युक्ति निराळी समजावून सांगावयास नको. १८८८ च्या ऑगस्टमध्यें बेंझ यांच्या पत्नी बेर्था या आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे सुमारें १०० किलोमीटर दूर, मोटारीनें गेल्या. वाटेंत ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजूं लागले तेव्हां त्यांनीं एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. झिजणाऱ्या भागावर बदलतां येण्याजोगें अस्तर बसवावें, ही कल्पना मोटारीच्या इतिहासांत अशा रीतीनें वाटेवरच्या अडचणींतून आली.

१८९१ च्या सुमारास फ्रान्समधील पान्हार व लव्हासोर यांच्या कारखान्यानें मोटारीची मांडणीच बदलली. इंजिन पुढें, त्यामागें क्लच, त्यामागें दांत्यांच्या चाकांची पेटी आणि जोर मागच्या चाकांना, ही ती मांडणी. पुढें अनेक दशकें जगभरच्या मोटारी याच घडणीच्या होत्या. त्या काळचा क्लच बहुधा शंकूच्या आकाराचा असे. इंजिनाच्या जड चक्रांत, म्हणजे फ्लायव्हीलमध्यें, एक पोकळ शंकु कोरलेला असे, आणि त्यांत चामडें मढविलेला दुसरा शंकु स्प्रिंगच्या जोरानें जाऊन बसे.

हें चामडें म्हणजे मोठें लहरी प्रकरण होतें. तें सुकून कडक झालें कीं एकदम पकड घेई आणि गाडी हिसके देई. म्हणून त्यास गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलें तेल पाजून मऊ ठेवावें लागे. तेल अधिक झालें कीं तेंच चामडें घसरूं लागे. मग त्यावर मुलतानी माती टाकीत. आपल्या घरांतून जी माती न्हाण्याच्या वेळीं लावतात तीच ही. नव्या चामड्याच्या अंगावरचे उंचवटे मोडून तें शंकूंत सर्व बाजूंनीं सारखें टेंकेपर्यंत गाडी अत्यंत हळुवारपणें हांकावी लागे. क्लच रुळविण्याची रीत येथें जन्मास आली. त्या काळीं ती कोणी पुस्तकांत वाचून पाळीत नसे. न पाळल्यास गाडीच चालत नसे.

चामड्याची जागा पुढें ज्या पदार्थांनीं घेतली, त्यांचा इतिहास सुरस आहे व दुःखदही आहे. इंग्लंडांतील डर्बीशायर परगणा डोंगराळ. तेथील उतारांवर मालाच्या घोडागाड्या उतरतांना गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यांस जुन्या बुटांचे तुकडे ठोकीत, हें हर्बर्ट फ्रूड नांवाच्या गृहस्थानें पाहिलें आणि १८९७ सालीं घर्षणाचीं अस्तरें तयार करण्याचा उद्योग मांडला. आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटसुलट करून व पत्नी एलिझाबेथ हिच्या नांवाचें पहिलें अक्षर त्यांत मिसळून त्यानें आपल्या मालास 'फेरोडो' असें नांव दिलें. प्रथम त्यानें विणलेलें सुती कापड चिकट द्रव्यांत मुरवून वापरलें. परंतु मोटारींचा वेग वाढला तसें सुती अस्तर जळूं लागलें, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचीं अस्तरें पुढें आलीं.

अॅस्बेस्टॉस जळत नाहीं, स्वस्त पडतें आणि विणतांही येतें. क्लच व ब्रेक यांना जणूं परिसच सांपडला. पण त्याची धूळ फुप्फुसांत शिरली कीं तेथेंच रुतून बसते. इंग्लंडांतील रॉचडेल येथील अॅस्बेस्टॉसच्या गिरणींत काम करणारी नेली कर्शॉ ही स्त्री १९२४ सालीं वारली. तिच्या फुप्फुसांचें परीक्षण होऊन तिच्या मरणाचें कारण वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. १९३१ सालीं ब्रिटनमध्यें या धंद्यासाठीं नियम झाले. पूर्ण बंदी यावयास मात्र १९९९ साल उजाडावें लागलें, आणि युरोपीय संघांत ती २००५ पासून सर्वत्र लागू झाली. या मधल्या काळांत जगांतील असंख्य मिस्त्रींनीं जुन्या प्लेटीवरची धूळ फुंकून उडविली असेल! क्लच जपण्याचा विचार करतांना हीही बाजू ध्यानांत असावी. जी प्लेट दीर्घकाळ टिकते, तिची धूळही कमी उडते आणि ती बदलण्याचे प्रसंगही कमी येतात. आजच्या प्लेटींत पुष्कळ ठिकाणीं कांच, सेंद्रिय तंतु, तांबें वा पितळ यांचे धागे आणि त्यांना बांधून ठेवणारी राळ असते. तरी जुन्या गाडीच्या क्लचची धूळ फुंकून झाडूं नये, हा नियम प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

अस्तर बदललें तसा क्लचचा आकारही बदलला. शंकु मागें पडला आणि पहिल्या महायुद्धानंतर हळूहळू एका सपाट प्लेटीचा कोरडा क्लच सर्वत्र झाला. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट हीं जणूं जात्याचीं दोन तळीं. त्यांच्यामध्यें अस्तर लावलेली क्लच प्लेट सांपडलेली असते. आपण पाय सोडला कीं स्प्रिंगा तिला दाबून धरतात. पाय दाबला कीं ती मोकळी होते. आजही हातानें गिअर बदलावयाच्या बहुतेक मोटारींत हाच क्लच आहे. पूर्वी पुष्कळशा वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असत, आतां पाकळ्यापाकळ्यांची एकच चपटी स्प्रिंग असते. त्यामुळें पेडल हलकें झालें. परंतु हलक्या पेडलावर पाय टेंकून बसण्याची खोडही त्यामुळेंच सोपी झाली, हें विसरूं नये.

आपल्या मुलखांत मोटारींची जुळणी सुरू झाली ती दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें सुटे भाग आणून गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. पुढें शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून स्वातंत्र्याच्या सुमारास गाड्या बाहेर पडूं लागल्या. याच कारखान्यांतील फिएट पुढें पद्मिनी या नांवानें घरोघरच्या ओळखीची झाली. महिंद्र कंपनीचा आरंभ १९४५ सालचा. तिनें माझगांवांत जीपगाड्यांची जुळणी केली. कालांतरानें ही कंपनी आपल्या नाशकांत आली, आणि २००२ सालीं बाजारांत आलेली तिची स्कॉर्पियो ही नाशिकच्याच कारखान्यांत घडूं लागली. ज्या गांवाची ओळख द्राक्षें आणि गोदावरीचा घाट एवढीच सांगितली जाई, तें गांव मोटारीचेंही गांव झालें.

त्या जुन्या फिएटच्या आणि अॅम्बॅसडरच्या काळांत गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. म्हणून ती आल्यावर तिचें कौतुकही तसेंच होई. इंग्लंडांत नव्या गाडीच्या मागच्या कांचेवर 'गाडी रुळत आहे, कृपया पुढें जा' अशा अर्थाची पाटी लावीत. आपल्याकडेही कोणी कोणी तशी लावीत. पहिल्या ५०० मैलांत ताशी ३० मैलांच्या पुढें जाऊं नये, असा साधारण दंडक असे. याचें कारण असें कीं, त्या वेळचीं यंत्रें आजच्या मानानें ओबडधोबड घडलेलीं असत. सिलिंडर, दट्ट्याच्या कड्या, दांत्यांचीं चाकें हीं सारीं एकमेकांवर घासून गुळगुळीत व्हावयाचीं असत. रुळविणें हें सबंध गाडीचें होतें. क्लच हा त्यांतील एक भाग.

आतां येथेंच आजचा घोटाळा आहे. इंजिनाचे भाग कारखान्यांतच फार सूक्ष्म मापांनीं तयार होतात. म्हणून पुष्कळजण म्हणतात, "रुळविणें ही आजोबांच्या काळची गोष्ट झाली, नवी गाडी पहिल्या दिवसापासून कशीही हांकावी." इंजिनापुरतें या म्हणण्यांत थोडें तथ्य आहे, पण थोडेंच, कारण बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत आजही पहिल्या १,००० किलोमीटरांच्या आसपास गाडीवर पूर्ण जोर देऊं नये असें सांगितलेलें असतें. क्लचविषयीं मात्र तें म्हणणें मुळींच खरें नाहीं. क्लचच्या प्लेटीचें शेवटचें काम कारखान्यांत पुरें होतच नाहीं. तें गिऱ्हाइकाच्या पायावर सोपविलेलें असतें.

तें कसें, हें थोडें समजावून घेऊं. नवें अस्तर डोळ्यांस सपाट दिसतें. वस्तुतः त्यावर सूक्ष्म उंचवटे असतात. समोरच्या फ्लायव्हीलच्या पोलादी किंवा बिडाच्या तोंडावरही घडणीचे बारीक ओरखडे असतात. म्हणून आरंभीं हीं दोन तोंडें सर्वांगानें भेटत नाहींत. ठिकठिकाणच्या उंचवट्यांवरच भेटतात. सारा भार आणि सारी उष्णता त्या थोड्याशा जागीं एकवटते. मऊ हातानें, किंवा मऊ पायानें म्हणा, गाडी कांहींशें वेळां सुटली कीं ते उंचवटे झिजून तोंडें सारखीं होतात आणि पकड सर्वत्र पसरते. उलट पहिल्याच आठवड्यांत ती जागा फार तापली, तर अस्तरांतील राळ वितळून वर येते व कांचेसारखा थर धरते. असा चकचकीत थर धरलेला क्लच घसरतो, आणि कांहीं वेळां गाडी निघतांना थरथरते. मग मालक म्हणतो, "गाडींत मुळांतच दोष आहे." कारखान्यांत प्रत्येक गाडीकडून शेंकडों वेळां निघण्याची कसरत करवून घेणें परवडणारें नाहीं, म्हणून हें काम आपल्याकडे येतें.

यामागें पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम आहे. इंजिन एकाच गतीनें फिरत ठेवून सपाट रस्त्यावर क्लच सोडला, तर गाडीस जितकी गतिजन्य शक्ति मिळते, जवळजवळ तितकीच शक्ति क्लचमध्यें उष्णतेच्या रूपानें खर्च होते. ही शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे इंजिन दुप्पट गतीनें फिरवून क्लच सोडला, तर उष्णता दुप्पट नव्हे, सुमारें चौपट होते. चढावर तर गाडी तोलून धरण्याचा भारही वर पडतो. अर्ध्या क्लचवर गाडी चढाला थोपवून उभी ठेवली, म्हणजे गाडी तसूभरही न हलतां इंजिनाचें काम उष्णता होऊन प्लेटींत शिरत राहतें. मघांशीं सांगितलेल्या गडाच्या रांगेंत नेमकें हेंच घडत असतें.

म्हणून पहिल्या ५०० ते १,००० किलोमीटरांत पुढील गोष्टी पाळाव्या. गाडी पहिल्याच गिअरमध्यें, इंजिन फार न वाढवितां सोडावी, आणि पकड पुरी झाली कीं पाय क्लचवरून उचलून बाजूस ठेवावा. मात्र या मवाळपणाच्या नांवाखालीं क्लच उगाच रेंगाळत सोडूं नये. घसरणें थोडा वेळ व कमी गतीनें व्हावें, एवढाच त्याचा अर्थ. सिग्नलपाशीं उभें असतांना गाडी न्यूट्रलमध्यें असावी. चढावर थांबल्यास गाडी हातब्रेकनें धरावी, क्लचनें नव्हे. पकड लागल्याची जाणीव झाल्यावर ब्रेक सोडावा. दुसरी गाडी ओढणें किंवा पुरें ओझें भरून घाट चढणें टाळावें. शहरांतल्या थांबत-निघत जाण्याची भीति बाळगूं नये. गंगापूर रोडवरून सकाळीं मोकळ्या वेळीं केलेल्या छोट्या फेऱ्या क्लचला जितक्या हितावह, तितका मुंबईचा एकसुरी लांब प्रवास नव्हे, कारण त्या प्रवासांत क्लच वापरलाच जात नाहीं. आणि जुन्या गाडीस नवी प्लेट बसविली असली, तरीही हेच नियम पुन्हां पहिल्यापासून लागू होतात. हें गॅरेजवाला बहुधा सांगावयाचें विसरतो.

एका क्लच प्लेटीचा खर्च तो केवढा, असें कोणी म्हणेल. प्लेटीची किंमत फार नसते, परंतु ती बदलावयाची म्हणजे बहुतेक गाड्यांत गिअरची सबंध पेटी खालीं उतरवावी लागते, आणि मजुरीचें बिल त्याचें येतें. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, क्लच दगा देतो तो बहुधा घराच्या अंगणांत नव्हे. कसाऱ्याच्या घाटांत, मागें मालट्रकांची रांग आणि गाडींत म्हातारीं माणसें व मुलें असतांना तो दगा देतो. ऐन चढावर इंजिन ओरडतें आहे आणि गाडी पुढें सरकत नाहीं, ही अवस्था पैशांत मोजण्यासारखी नव्हे.

कोणी असेंही विचारील कीं, आतां आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या आल्या, विजेच्या गाड्याही आल्या. मग या विद्येचें प्रयोजन किती दिवस? विजेच्या मोटारीस असला क्लच लागत नाहीं हें खरें. वाफेच्या इंजिनाप्रमाणेंच ती स्थिर अवस्थेंतूनही जोर लावूं शकते. परंतु २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरियोपासून आपल्याकडे ज्या स्वस्त स्वयंचलित गाड्यांचा प्रसार झाला, त्यांत क्लच नाहींसा झालेला नाहीं. प्लेट तीच आहे, अस्तर तेंच आहे. फक्त पायाच्या ऐवजीं यंत्र तें दाबतें व सोडतें. अशी गाडी चढावर ब्रेक न लावतां नुसत्या अॅक्सिलरेटरवर तोलून धरली, तर तिचेंही अस्तर तसेंच भाजतें. पेडल दिसत नाहीं म्हणून क्लच नाहीं, असें समजूं नये.

चामडें गेलें, सूत गेलें, अॅस्बेस्टॉसनें आपला प्राणघातक अंमल गाजवून काढता पाय घेतला. शंकु गेला, प्लेट आली. या सगळ्या उलथापालथींत एक गोष्ट मात्र सव्वाशें वर्षांत बदललेली नाहीं. दोन अनोळखी तोंडें एकत्र येऊन भार वाहावयाचीं असलीं, तर आरंभीं त्यांना थोडा वेळ व थोडा हलका भार द्यावा लागतो. गडावर जरूर जावें. देवी पंधरा दिवस थांबावयास तयार असते. तोंवर नवी गाडी गांवांतल्या गांवांत, रिकाम्या हातानें, सावकाश फिरवावी. मग ती भरल्या कुटुंबानिशीं नांदुरीचा घाट निर्धास्तपणें चढेल, आणि माथ्यावर पोंचल्यावर वास येईल तो फक्त उदबत्तीचा.